उन्हातला ह

बाजारात वालाच्या शेंगा दिसायला लागल्या की मी भाजीगल्लीतून जायचं टाळते. भाजीवाली ओळखीची आहे. ती लांबूनच हाक मारते, "ताई, गावठी हायेत बगा, पोपटीच्या." मी घाईत असल्यासारखं दाखवून कोथिंबिरीची जुडी उचलते आणि सटकते. शेंगांनी माझं काही बिघडवलेलं नाही. पण त्या दिसल्या की भांबुर्डीच्या पाल्याचा तो कडसर, थोडा ओव्याकडे झुकणारा वास उगाचच नाकात येतो आणि त्या वासामागून मंदा येते. मंदा आली की माझ्या पोटात जळायला लागतं. आईला मी पित्त झालंय म्हणून सांगते, आणि ती मला आमसुलाचं सार करून देते.

पित्त वगैरे काही नाही. मला मंदाचा हेवा वाटतो. कॉलेज सुटलं, लग्न झालं, बँकेत नोकरी लागली, मुलगी शाळेत जायला लागली, तरी वाटतो. बरं, बारमाही असता तर सवय झाली असती. पण माझा हेवाही हंगामी आहे. पावसाळाभर ती मला आठवत नाही. दिवाळी मागे पडली, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटायला लागली, माथेरानच्या डोंगराकडून कोरडं वारं सुटलं, की माझा हंगाम सुरू होतो.

पनवेलबाहेरच्या माणसांना पोपटी समजावून सांगावी लागते. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, ज्याला चालेल त्यानं अंडी नाहीतर कोंबडी. तोंड पुन्हा त्याच पाल्यानं गच्च बंद करायचं, मडकं शेतात उपडं मांडायचं आणि भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शिजली की नाही हे उघडून बघायची सोय नसते. म्हणून मडक्यावर पाण्याचा हबका मारतात आणि कान देतात. चर्र असा आवाज आला की झाली. हे चर्र लक्षात ठेवावं, कारण माझं सगळं दुखणं तिथं आहे.

माझे वडील, अप्पा, पनवेलच्या एका कॉलेजात गाणं शिकवायचे. त्याआधी ते फौजेत होते, तोफखान्यात. एकाहत्तरच्या लढाईत तोफेवर होते. परत आल्यावर काही वर्षांनी त्यांनी फौज सोडली, लहानपणी अर्धवट सुटलेलं गाणं पुन्हा हातात घेतलं, परीक्षा दिल्या आणि मास्तर झाले. मुलं त्यांना पाठीमागं 'तोफसर' म्हणत. माझ्या मैत्रिणींना वाटायचं, हिच्या घरी रोज लढाईच्या गोष्टी होत असतील. आमच्या घरात लढाई एवढीच होती: पलंगाखाली एक हिरवी ट्रंक, अप्पांच्या मिशा आणि 'विश्राम' हा शब्द. गाण्याचा तास संपला की ते 'पुरे' किंवा 'बस' म्हणत नसत, 'विश्राम' म्हणत. जेवताना आईनं जास्त भात वाढला तरी 'विश्राम' म्हणत.

बोलायचे मात्र फार कमी. नवीन पनवेलमधल्या आमच्या सिडकोच्या बैठ्या घरात मी त्यांच्या मागून पुढून फिरत सांगत असायचे, अप्पा, आज असं झालं, तसं झालं. ते पेपर वाचत असत. तिसऱ्यांदा हाक मारली तर 'हं' म्हणत. शेगडीवरचं दूध उतू जाऊन चुरचुरत खाली सांडायचं आणि हा माणूस हातभर अंतरावर बसून दाढी करत असायचा. आई कपाळाला हात लावायची. "फौजी माणूस आहे," ती शेजारणींना सांगायची, "त्यांना घरातलं काही दिसत नाही." मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं, की मी काही अप्पांना ऐकण्यासारखी वाटत नाही. त्यांनी मला ऐकावं म्हणूनच मी गाणं घेतलं. दुसरं काही कारण नव्हतं. गळा बरा होता, पण बऱ्या गळ्याच्या मुली खूप असतात.

कॉलेजात ते वेगळेच व्हायचे. गाण्याच्या तासाला ते 'आवाजाचा तास' म्हणत. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, सकाळी, गच्चीवर ऊन येण्याआधी. एक जुनं सागवानी टेबल होतं, त्याच्याभोवती आम्ही. आधी दम, मग सूर, शब्द सगळ्यात शेवटी, असा त्यांचा क्रम. खर्ज, म्हणजे अगदी खालचा सा, लावून धरायला लावत. "गळ्यातून नको, पोटातून. टेबलाला कळलं पाहिजे," म्हणत. आणि कोणीही गात असलं की त्यांचा डावा तळहात त्या टेबलावर पालथा पडलेला असायचा. मुलं कँटीनमध्ये चहाच्या टेबलावर हात ठेवून त्यांची नक्कल करायची. आम्हांला ती त्यांची ऐट वाटायची.

त्या वर्षी मंदा आली. एकोणनव्वद साल. ओवे गावाहून यायची, एस.टी.नं, डोक्याला चप्प तेल, हातात कापडी पिशवी. गावाकडची, आगरी घरातली. तिचे वडील डोंगरातल्या दगडखाणीत होते. तेव्हा सगळीकडे खाणी नुसत्या गर्जत होत्या, कारण न्हावा शेवाचं बंदर आणि सिडकोच्या वसाहती त्याच दगडावर उभ्या राहत होत्या. पहिल्या दिवशी ती वर्गात आली, क्षणभर उभी राहिली, तिनं सगळीकडे बघितलं आणि सरळ जाऊन अप्पांच्या उजव्या हाताला बसली. तिथं कोणीच बसत नसे. सरांच्या इतक्या जवळ बसायचा आम्हांला संकोच वाटायचा. मला तर फारच. मुलगी म्हणून लाडात येते असं कोणी म्हणू नये, म्हणून मी मुद्दाम डावीकडे टोकाला बसायचे.

"तुजा नाव काय गो?" तिनं मला विचारलं.

"मोहिनी."

"मोयनी," ती म्हणाली. "आमच्या गावानबी हाय एक मोयनी."

"मोहिनी," मी म्हणाले. "ह आहे त्यात."

"तेच बोलली मी. मोयनी."

आणि आवाज? तो मात्र असा होता, की पहिला खर्ज लावला तेव्हा टेबलावरचा खडू हलला. मी स्वतः बघितलं. अप्पांनी तळहाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हसले. आमच्या घरात असं हसू दिवाळीलाही निघत नसे.

त्या दिवसापासून माझी दोन कामं झाली. एक कॉलेजात जाणं आणि दुसरं मंदाकडे लक्ष ठेवणं. तिनं काही विचारलं की अप्पा लगेच उत्तर द्यायचे. पहिल्या हाकेला. ती त्यांच्याशी बोलताना आधी थोडी पुढे सरकायची, चेहरा त्यांच्यासमोर आणायची आणि मग सावकाश बोलायची. मला ते लाडीगोडी लावणं वाटायचं. मला मात्र सतत दुरुस्त्या. हनुवटी खाली घे, खांदे सोड, श्वास चोरू नकोस. तिला काही नाही. ती राजरोसपणे 'आमी' म्हणायची, 'तुमी' म्हणायची, पद गाताना शब्दांच्या मधला ह गाळून मोकळी व्हायची आणि अप्पा डोळे मिटून मान हलवायचे. मी जर एक मात्रा चुकले तर भुवई वर. माझ्या मनात मी त्या खोलीची वाटणी करून टाकली होती. उजवी बाजू लाडकीची, डावी सावत्र.

डिसेंबरात संमेलनाची तयारी सुरू झाली. त्या संमेलनाला महत्त्व होतं. अप्पा तेव्हा घड्याळी तासांवर होते. संस्थेची माणसं गाणं ऐकायला येणार, त्यानंतर गाण्याचा विषय कॉलेजात ठेवायचा की नाही आणि सरांना कायम करायचं की नाही हे ठरणार, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं. घरात आई रोज देवाला त्याचीच आठवण करून द्यायची. मराठीच्या मॅडमनी खास गीत लिहून दिलं आणि अप्पांनी त्याला चाल लावली. पहिलीच ओळ होती, 'आम्हां दारी उन्हं आली'. हिवाळ्याचं गीत, सकाळच्या उन्हाचं. चाल खालून उठणारी, भरदार. एकटीनं म्हणायचं होतं.

मला वाटलं, आता तरी. 'आम्हां' आणि 'उन्हं'. ओळीत ह पसरलेत नुसते. मंदाचं काय काम तिथं?

"मंदा म्हणेल," अप्पा म्हणाले. "मोहिनी, तू तंबोरा धर."

मी तंबोरा धरला. त्या तारा मी ज्या बोटांनी छेडत होते त्यांना तेव्हा काहीही करायची इच्छा होत होती. मंदा गायला लागली, 'आमां दारी उनं आली', आणि अप्पांचा हात टेबलावर, डोळे मिटलेले. मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मला वाटलं, हे प्रेम आंधळं असतं ते ठीक, पण बहिरं कसं असू शकतं? हा विचार माझ्या डोक्यात अगदी या शब्दांत आला होता, आणि तरी मला काही कळलं नाही.

घरी आल्यावर मी आईजवळ फणफणले. अप्पा ओसरीवर सायकलचं चाक पुसत होते, माझ्याकडे डावी बाजू करून.

"तिला ह म्हणता येत नाही," मी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "संस्थेची माणसं हसतील. मग कायम होतील का अप्पा?"

आई म्हणाली, "तूच विचार त्यांना."

"विचारतेय की. ऐकायचंय कुठे त्यांना?"

अप्पा चाक पुसत राहिले. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतायत.

मग मी दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांदेखत बोलले. तंबोरा खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, ती 'आमां' म्हणते. 'उनं' म्हणते. ह कुठेच नाही." कॉलेजात मी त्यांना सर म्हणायचे. मुलं हसली. मंदानं मान खाली घातली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिला म्हणाले, "पुन्हा म्हण." ती पुन्हा तसंच म्हणाली. अप्पा डोळे न मिटता तिच्या ओठांकडे बघत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता. टेबलावरचा हात काढून घेत म्हणाले, "विश्राम." तास अर्धाच झाला होता. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. मराठीच्या मॅडमना जाऊन सांगावं, तुमच्या शब्दांची काय दशा चाललीय बघा, असंही मी ठरवून टाकलं होतं.

मॅडमना सांगायच्या आधी पोपटी आली. मंदाच्या वडिलांनी सरांना बोलावलं होतं, घरच्यांसकट. आई आली नाही. मी गेले, कारण त्या दोघांना एकत्र सोडून घरी बसणं मला शक्य नव्हतं. ओव्याच्या बाहेर भात कापून झालेलं शेत, पायाला धसकटं टोचणारी, कडेला वालाचे वेल, मागे डोंगर आणि डोंगराच्या कुशीत खाणीनं घेतलेला पांढरा घास. आता तिथं खारघरच्या इमारती उभ्या राहतायत. परवा लोकलच्या खिडकीतून ते शेत शोधायचा प्रयत्न केला, तर दिशाही लागली नाही. त्या दिवशी मात्र संध्याकाळचं ऊन अजून होतं. मडकं आगीत होतं. मंदाचे वडील बसल्या जागेवरून सगळ्यांशी मोठमोठ्यानं बोलत होते आणि मंदा त्यांच्याशी बोलताना आधी पुढ्यात जायची, चेहरा समोर आणायची, मग बोलायची. मी ते बघितलं. कुठेतरी बघितलंय असं वाटलं, एवढंच.

आग बसली तसा मंदाच्या वडिलांनी अप्पांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "सर, तुमी बगा. मान तुमचा."

अप्पांनी तळहातावर पाणी घेतलं आणि मडक्यावर हबका मारला. चर्र झालं. चांगलं मोठं, स्वच्छ चर्र. कडेची पोरं ओरडली सुद्धा. अप्पा तसेच वाकून उभे होते. कान दिलेला, उजवा. वाट बघत होते. मग त्यांनी आणखी थोडं पाणी घेतलं, पुन्हा मारलं, पुन्हा चर्र झालं, आणि ते पुन्हा वाट बघत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा आज्ञाधारकपणा होता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. मंदा पुढे झाली, त्यांच्या उजव्या दंडाला हात लावला, चेहऱ्यासमोर चेहरा आणला आणि म्हणाली, "झाली, सर." अप्पा हसून मागे सरले. बाकी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मडकं आगीतून ओढलं, पाला काढला, आणि तो वास सगळ्या शेतावर पसरला.

मी मंदाला बांधावर गाठलं. ती शेंगा सोलत होती.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"डावा तर गेलाच हाय. उजव्यानी जाडं जाडं येतंय. बारीक नाय येत."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी कशाला सांगाया पायजे? माज्या बाबाचाबी तसाच हाय. सुरुंगानी. सरांचा तोफंनी गेला असंल."

"कधी कळलं तुला?"

"पयल्याच दिशी. ते तोंडाकडं बगत होते." मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला ते आजही नीट सांगता येत नाही. "तुला नवतं माईत?"

तिनं सोललेली शेंग माझ्या हातावर ठेवली. वाल ऊनऊन होते आणि फार चवदार होते; त्याचाही मला राग आला. अप्पांनी तिला गाणं दिलं, हसू दिलं, उजवी बाजू दिली, इथपर्यंत मी सोसलं होतं. पण माझ्या बापाचा कान गेलाय हे तिला पहिल्या दिवशी कळावं आणि मी त्या घरात जन्म काढून त्यांना तुसडं समजावं, हे मला सहन होईना. मला दया वगैरे यायला हवी होती अप्पांची, निदान कळवळा. तो आला, पण नंतर. आधी हेवाच आला. माणूस कशाकशाचा हेवा करू शकतो याला काही धरबंध नाही. मी तिच्या बापाच्या बहिरेपणाचा हेवा केला, कारण त्यामुळे तिला माझा बाप समजला होता.

परतीच्या एस.टी.त मी अप्पांच्या उजवीकडे बसले. खिडकी त्यांची होती, ती मी मागून घेतली. मग पुढे वाकून, चेहरा त्यांच्यासमोर आणून, हळू म्हणाले, "अप्पा, ह ऐकू येत नाही ना तुम्हांला?"

ते दचकले नाहीत.

"ह गेला," ते म्हणाले. "स गेला. श तर केव्हाच. फुंकरीची जेवढी अक्षरं आहेत, सगळी गेली. खालचे सूर आहेत अजून. ते हातालाही कळतात."

"आईला माहीत आहे?"

"डाव्या कानाचं आहे. एवढं नाही."

"कॉलेजात?"

"कॉलेजात कळलं तर गाण्याचा मास्तर म्हणून कोण ठेवेल?" मग म्हणाले, "मला वाटत होतं ती बरोबर म्हणते. तू वर्गात बोललीस तेव्हा कळलं. ओठांवरून बघायला गेलो, पण ह ओठांवर दिसतच नाही. नुसता दम असतो तो."

मी म्हणाले, "मग गाणं तिच्याकडून काढून घ्या." अजूनही माझं तेच चाललं होतं.

"गाणं तिचंच आहे," अप्पा म्हणाले. "तिचा आवाज मला सगळाच्या सगळा पोचतो. पण तुझा कान सारखा तिच्यावर असतो. ती कुठे चुकते ते तुझ्याइतकं कोणालाच कळत नाही. तो कान मला पाहिजे."

म्हणजे मी जळत होते, आणि माझ्या जळण्याला नोकरी लागली. दुसऱ्या दिवसापासून मी तंबोरा घेऊन अप्पांच्या समोर बसायला लागले. मंदानं ह गाळला की मी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक बोट ठेवायचं, एवढीच खूण. अप्पा लगेच हात वर करत. "ह गेला," म्हणत. मुलं चाट पडली. सर डोळे अर्धे मिटूनसुद्धा पकडतात, असं कँटीनमध्ये बोललं जाऊ लागलं.

दुपारी मी मंदाला गच्चीवर न्यायचे. ह शिकवायचा कसा, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. तोंडासमोर तळहात धरायला लावला. "उन्हं म्हण. हाताला ऊब लागली पाहिजे." ती म्हणायची, हात गारच. पुन्हा. पुन्हा. मग एकदा लागली ऊब, आणि ती हाताकडे बघत बसली. त्यानंतर आठवडाभर तिनं ह असा धरला की सोडीचना. 'आम्हां द्हारी उन्हं आहली' असं गायली. मामाला 'माम्हा' म्हणाली. आम्ही दोघी गच्चीच्या कठड्याला धरून हसलो. हसता हसता मला आठवलं की मला ही आवडत नाही, आणि मी हसायची थांबले.

संमेलनाच्या दिवशी ती गायली. 'आम्हां दारी उन्हं आली'. प्रत्येक ह जागच्या जागी, आणि त्याखाली तिचा तो आवाज. समोरच्या खुर्च्यांवरची माणसं सरसावून बसली. माझं बोट पूर्ण गाणंभर भोपळ्याच्या वर तरंगत होतं. खरं सांगते, मी वाट बघत होते की ती चुकेल. नाही चुकली. प्राचार्य म्हणाले, "कान म्हणजे आमच्या सरांचा कान." टाळ्या पडल्या. अप्पांनी मंदाच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विश्राम." पुढच्या जूनमध्ये ते कायम झाले. आईनं पेढे वाटले, आणि मंदाला पेढ्यांचा अख्खा पुडा दिला.

पुढची दोन-तीन वर्षं, मी कॉलेजात होते तोवर, हेच चाललं. मी गेल्यावर मंदा समोर बसायला लागली. तोवर तिचाही कान तयार झाला होता. माझं गाणं कुठे गेलं, हे मला सांगता येणार नाही. एकदा, लग्न ठरल्यानंतर, मी अप्पांना विचारलं, पुढ्यात बसून, नीट तोंड समोर आणून. "माझं गाणं कसं होतं, अप्पा?"

ते विचारात पडले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तुझं गाणं मी कधी ऐकलंच नाही गं," ते म्हणाले. "तू माझा कान होतीस. कानाचं गाणं कशानं ऐकणार?"

हे कौतुक होतं की काय होतं, ते मी अजून ठरवते आहे. मंदाला त्यांनी ऐकलं, टेबलातून, हातातून, हाडातून. मला त्यांनी वापरलं. वापरलं हा शब्द आईला आवडत नाही. ती म्हणते, भरवसा ठेवला म्हण. मी काही वेळा तसंही म्हणून बघते.

नंतरच्या वर्षांत एक गंमत झाली. अप्पा स्वतःच ह गाळायला लागले. आधी 'तुमी', मग 'काई', मग 'पाउणे आलेत'. मला वाटलं, ही मंदाची संगत. बघा, शेवटी तिच्यासारखं बोलायला लागले. डॉक्टरांनी समजावलं, की माणूस जे ऐकत नाही ते हळूहळू बोलायचंही सोडतो. त्यांना स्वतःचा ह ऐकू येत नव्हता, म्हणून तो निसटत चालला होता. मला डॉक्टरांचं पटलं, आणि तरी राग मंदाचाच आला. कारण एक दिवस मी माहेरी दारात उभी राहिले आणि अप्पा आतून म्हणाले, "आली का, मोयनी?" मी त्यांना दुरुस्त केलं नाही. कशी करणार? आणि मग शेवटपर्यंत मी मोयनीच राहिले.

गेल्या पावसाळ्यात अप्पा गेले, आणि आई माझ्याकडे राहायला आली. हा त्यांच्याशिवायचा पहिला हिवाळा आहे. म्हणूनच यंदा शेंगा जास्त टोचल्या असाव्यात.

मंदा आता एका नव्या शाळेत संगीत शिकवते. बोलते अगदी स्वच्छ, निवेदनं करते, मुलांना 'आम्ही' आणि 'तुम्ही' घोटून घेते म्हणे. ओव्याला जे थोडं शेत उरलंय तिथं दरवर्षी पोपटी लावते आणि दरवर्षी मला फोन करते. परवा आला. मी भाजीगल्ली चुकवून नुकतीच घरात शिरले होते. आईनं फोन घेतला आणि माझ्या हातात दिला.

"मोहिनी," मंदा म्हणाली. तो ह असा पूर्ण, असा ऊबदार, की गच्चीवरचा तिचा तळहात मला दिसला. मीच शिकवलेला. "मोहिनी, रविवारी पोपटी आहे. यायचं आहेस. यंदा मडक्यावर पाणी तू मारायचंस."

घरात आई कुकरच्या शिट्टीकडे लक्ष ठेवून उभी होती. माझ्या लक्षात आलं, की पावसाळ्यापासून मला मोयनी असं कोणीही म्हटलेलं नाही. आणि आता म्हणू शकेल असं जगात एकच माणूस उरलंय, आणि ती नेमकी हीच असावी.

"मोहिनी? ऐकतेस ना?"

"मोयनी म्हण," मी म्हणाले.

मी रिसीव्हर उजव्या कानाला घट्ट धरून उभी राहिले.

"मोयनी," मंदा म्हणाली. "येतेस ना गो?"